हिऱ्याचा गेज कॅलिब्रेट कोण करतं?

कुपवाडचा काटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी इथे वर्षानुवर्षं वाचनमात्र, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

धंदा प्रेशर गेजचा, म्हणजे दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन. कुपवाड एमआयडीसीत दोन गाळे, एक डेड वेट टेस्टर (ठरावीक क्षेत्रफळावर वजनं ठेवून नेमका दाब देणारं यंत्र), तीन मास्टर गेज (बाकीचे गेज ज्यांच्याशी ताडून बघायचे ते), आणि गळीत हंगाम सुरू झाला की झोप नाही. साखर कारखाने, फाउंड्र्या, डेअऱ्या, हायड्रॉलिक प्रेसवाले असं आमचं गिऱ्हाईक. आमच्यात दाब किलोत बोलतात. 'पंचेचाळीस किलोचा बॉयलर' म्हटलं की चौरस सेंटिमीटरला ४५ किलो, हे सांगावं लागत नाही.

गणपतीला भाची आली होती. मुंबईत पीएचडी करते. दुपारी जेवताना तिने सहज विचारलं, "मामा, तुझा सगळ्यात मोठा गेज किती किलोचा?" मी म्हटलं, प्रेसवाल्यांचा हजार किलोचा असतो. म्हणाली, "आम्ही दहा लाख किलोपर्यंत जातो." मला हसू आलं. हजार किलोला बोर्डन ट्यूब (गेजमधली वाकडी नळी, तीच दाबाने हलून काटा फिरवते) केवढी जाड घ्यावी लागते ते मला माहीत आहे, दहा लाखाला कुठला धातू टिकणार? तर म्हणे धातू नाहीच, हिरा. दाबणाराही हिरा आणि मोजणाराही हिराच. तोही चोख नाही, खोट असलेला. खोट आहे म्हणूनच मोजतो!

रात्री आरती झाल्यावर तिने दाखवलं. पर्समधून एक डबी काढली. आत तीन मिलिमीटरची चपटी चकती, रंग कोकमाच्या सरबतासारखा. मला चष्मा घालायला लावला, लाइट घालवला आणि हिरव्या लेझरचा झोत चकतीवर टाकला. मग मखराचा उरलेला लाल जिलेटीन कागद मधे धरला. हिरवा प्रकाश कागदाने गिळला, आणि मागे ती चकती निखाऱ्यासारखी लाल दिसायला लागली. हिरवा आत, लाल बाहेर! पुढे फोटोडायोड ठेवून त्याच्या वायरी माझ्याच मल्टिमीटरला जोडल्या. १८४ मिलिव्होल्ट. मग गाळ्यातल्या जुन्या स्पीकरचं लोहचुंबक जवळ आणलं. १७६. लांब नेलं, परत १८४. डोळ्याला काही फरक कळत नव्हता, मीटरला कळत होता. बायको म्हणाली, आता झोपा. मी आणखी पाऊण तास चुंबक पुढे-मागे करत बसलो होतो.

आता माझा मुद्दा. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) बॉयलरवरचा गेज जास्त दाखवतो अशी तक्रार आली. सर्टिफिकेट माझ्या सहीचं. मी गेज काढून आणला, टेस्टरवर लावला, एकदम बरोबर. परत बसवला, परत जास्त. तीन चकरा झाल्या आणि चीफ इंजिनिअरने चारचौघांत माझी लाज काढली. चौथ्या खेपेला लक्षात आलं की दुरुस्तीत कुणीतरी सायफनचा वेटोळा काढून गेज सरळ लाइनवर बसवलाय. सायफनमध्ये पाणी साठतं, त्यामुळे वाफ ट्यूबपर्यंत पोचत नाही. वेटोळाच नाही म्हटल्यावर गरम वाफ थेट ट्यूबमध्ये. धातू तापून नरम पडला आणि काटा पुढे सरकला. काटा उष्णता दाखवत होता आणि आम्ही तिला दाब म्हणत होतो.

तेव्हापासून कुठलाही गेज दिसला की मी दोनच प्रश्न विचारतो. एक, ज्यासाठी लावलाय ते सोडून आणखी कशाकशाने ह्याचा काटा हलतो? दोन, ह्याचा मास्टर कोण? भाचीलाही विचारले. ती म्हणाली, "मामा, हे सावकाश सांगावं लागेल," आणि मैत्रिणीकडे गेली. म्हणून इथे विचारतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. हिरवा चालेल.

*

वाळव्याचा वाघ

पहिला प्रतिसाद माझा! काही कळलं नाही पण झकास लिवलंय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

*

आयर्विनखालचा

काटेसाहेब, आम्हा सांगलीकरांना आयुष्यात एकच गेज ठाऊक, कृष्णेच्या आयर्विन पुलावरची पुराची पट्टी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेली तेव्हा पट्टीकडे बघायलाही कोणी राहिलं नव्हतं, आम्ही माडीवर.

लेख आवडला. सायफनची गोष्ट तर सोन्यासारखी. पण दहा लाख किलो हे जरा जास्त होतंय, एखादं शून्य वाढलं नाही ना?

*

पदर खोचून

शून्य बरोबर आहे. मीच ती भाची. मामाने मला न विचारता धागा काढलाय हे आत्ता कळलं, मैत्रिणीने लिंक पाठवली. आणि मामा, मी 'खोट असलेला' असं नाही म्हटलं, 'दोष' म्हटलं. पण खोट हाच शब्द बरा आहे, ठेवू या.

आधी दहा लाखाचं. यात जादू काही नाही, मामाच्या डेड वेट टेस्टरचाच हिशोब, वजन भागिले क्षेत्रफळ. दोन हिरे टोकाला टोक लावून ठेवायचे, मधे धातूची पातळ चकती, तिला भोक, भोकात नमुना. ह्याला डायमंड अॅन्व्हिल सेल म्हणतात. हिऱ्याचं टोक घासून चपटं केलेलं असतं. समजा ते ०.३ मिलिमीटर व्यासाचं आहे. मामाचं वजन ७२ किलो. मामा त्या टोकावर उभा राहिला तर दाब होतो चौरस सेंटिमीटरला एक लाख किलो, म्हणजे सुमारे १० गिगापास्कल. टोक ०.१ मिलिमीटरचं घेतलं तर ८० किलोत दहा लाखाचं काम. थोडा भार मधली चकती खाते, म्हणून प्रत्यक्षात जास्त जोर लावावा लागतो, पण सेल हातात मावतो आणि अॅलन कीने स्क्रू आवळले तरी चालतं. पृथ्वीच्या केंद्रावरचा दाब साधारण ३६० गिगापास्कल. तिथपर्यंतही माणसं ह्याच युक्तीने पोचली आहेत.

बाकीचं जेवून आल्यावर.

*

आयर्विनखालचा

माघार घेतो. काटेसाहेब, वजन ७२? फोटो टाका.

*

मिरजेचा तंबोरा

पदर खोचून यांचं जेवण होईपर्यंत मी माझ्या धंद्यातून सांगून बघतो, चुकलं तर कान धरा. आमचं घराणं तंतुवाद्यांचं, मिरजेतलं.

तंबोऱ्याची तार छेडली की सूर लागतो. खुंटी पिळली की चढतो, सैल केली की उतरतो. हवा दमट झाली तरी सूर हलतो, लाकूड फुगतं, भोपळाही आपल्या मनाचा. तुमची अडचण तीच दिसते. सूर हलला खरा, पण खुंटीने की हवेने? आम्ही ह्यावर एकच करतो. चारही तारा ऐकतो. एकच तार उतरली तर खुंटी घसरलीय. चारही एकदम उतरल्या तर हवा. मणी सरकवून बारीक जुळवायचं ते त्यानंतर.

हिऱ्यात असं काही आहे का? एकाहून जास्त तारा?

*

पदर खोचून

काका, दंडवत. हेच उदाहरण आता मी प्रेझेंटेशनला वापरणार.

हो, तारा आहेत. नीट सांगते. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी. तिच्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसला आणि त्याच्या लगतची जागा रिकामी राहिली, की त्या जोडीला एनव्ही (नायट्रोजन-व्हेकन्सी) केंद्र म्हणतात. रिकाम्या जागेपाशी काही इलेक्ट्रॉन अडकून राहतात आणि त्यांचा मिळून एक चिमुकला चुंबक होतो. त्याच्या तीन अवस्था, शून्य, अधिक एक आणि उणे एक. हिरवा लेझर मारला की केंद्र लाल प्रकाश देतं आणि हळूहळू शून्य अवस्थेत येऊन बसतं. शून्यात असताना ते जास्त उजळ असतं, बाकी दोन्हींत मंद. आता बाहेरून मायक्रोवेव्ह सोडायच्या आणि त्यांची फ्रीक्वेन्सी सरकवत न्यायची. २.८७ गिगाहर्ट्झला आलं की केंद्र शून्यातून वर उडी मारतं आणि लाल प्रकाश झपकन कमी होतो. वायफाय २.४ वर चालतं, म्हणजे हे त्याच्या शेजारच्याच गल्लीत. प्रकाश जिथे कमी होतो तो खड्डा म्हणजे आपला काटा.

तो सरकतो कशाने?

दाबाने: जाळी दाबली जाते, इलेक्ट्रॉन एकमेकांच्या जवळ येतात, सूर चढतो. दर गिगापास्कलला सुमारे १४.६ मेगाहर्ट्झ.

तापमानाने: खोलीच्या तापमानाला दर अंशाला ७४ किलोहर्ट्झने उतरतो.

चुंबकाने: इथे गंमत आहे. एका खड्ड्याचे दोन होतात. अधिक एक एका बाजूला सरकतो, उणे एक तेवढाच दुसऱ्या बाजूला, दर मिलिटेस्लाला २८ मेगाहर्ट्झ. मधला बिंदू जवळपास तिथेच राहतो.

म्हणजे दोन खड्ड्यांतलं अंतर बघितलं की चुंबकत्व, आणि दोघांचा मध्य कुठे गेला ते बघितलं की दाब. एकाच वेळी, एकाच हिऱ्यातून. शिवाय जाळीत ही केंद्रं चार दिशांना तोंड करून बसलेली असतात, काकांच्या चार तारा! चारही दिशांचे खड्डे वेगवेगळे वाचले तर दाब सगळीकडून सारखा आहे की एका बाजूने जास्त, तेही कळतं. गेजवर फक्त एक आकडा येतो, इथे आडवा, उभा, तिरका सगळा ताण सुटा करून काढता येतो.

मिरजेच्या काकांनी विचारलं नसतं तर मी हे पानभर समीकरणं लिहून सांगितलं असतं आणि कोणी वाचलं नसतं.

*

कुपवाडचा काटा

पोरी, हे सगळं ठीक. पण तू शिताफीने एक गोष्ट गिळलीस. चुंबक वेगळं काढलंस, मान्य. दाब आणि तापमान दोन्ही मध्यच सरकवतात की! मग सायफनचा घोटाळा आहे तिथेच.

मी आत्ता कॅल्क्युलेटरवर बघितलं. एक अंश म्हणजे ७४ किलोहर्ट्झ. एक गिगापास्कल, म्हणजे दहा हजार किलोला १४.६ मेगाहर्ट्झ. भागाकार करा, एका अंशाची चूक बरोबर जवळपास ५० किलो दाबाची चूक! बॉयलरच ४५ किलोचा. हा हिरा बॉयलरला लावला तर सकाळी-दुपारी खोलीचं ऊन बदललं तरी अख्खा बॉयलर येईल नि जाईल. बोर्डन साहेबाने १८४९ साली पेटंट घेतलेली पितळेची वाकडी नळी ह्याच्यापेक्षा बरी.

*

वाळव्याचा वाघ

मामांनी भाचीची विकेट काढली. पॉपकॉर्न.

*

पदर खोचून

मामा, विकेट वगैरे काही नाही, तुझा हिशोब बरोबर आहे. बॉयलरला हा लावायचाच नाही. जिथे ५० किलोची चूक किस झाड की पत्ती, तिथे हा लागतो. अॅन्व्हिल सेलमध्ये आपण लाख आणि दहा लाख किलोत बोलतोय आणि सेलचं तापमान बाहेर बसवलेल्या साध्या सेन्सरने अंशाच्या आत कळतं. तेवढं वजा करायचं. आमचा सायफन तोच.

आता तुझा दुसरा प्रश्न, मास्टर कोण. इथे मी प्रामाणिकपणे सांगते. चुंबकत्वाच्या बाबतीत मास्टर लागतच नाही म्हटलं तरी चालेल. टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ हा इलेक्ट्रॉनचा स्वतःचा आकडा आहे, सुरतचा हिरा असो की कुठलाही, तोच येणार. दाबाचं तसं नाही. १४.६ हा आकडा मोजून काढलेला आहे, २०१४ साली ६० गिगापास्कलपर्यंत. आणि मोजताना शेजारी मास्टर लागतोच. अॅन्व्हिल सेलच्या दुनियेतला मास्टर म्हणजे माणिक. नमुन्याशेजारी माणकाचा कण ठेवतात. लेझर मारला की तो ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो, आणि दाब वाढला की ती रेषा सरकते, गिगापास्कलला साधारण ०.३६५ नॅनोमीटर. ही पद्धत १९७२ पासूनची. त्या माणकाचा मास्टर म्हणजे क्ष-किरणांनी मोजलेलं धातूंचं आकुंचन आणि धक्कालहरींचे प्रयोग. साखळी आहे, तुझ्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरमागे असते तशीच.

म्हणजे चुंबकाला हिरा स्वतःच मास्टर, दाबाला वर्किंग गेज, मास्टरवर ताडून मग वापरायचा.

*

कुपवाडचा काटा

आता बोललीस. 'वर्किंग गेज' म्हणालीस तिथे माझा जीव भांड्यात पडला. हे आधी सांगितलं असतंस तर धागा काढलाच नसता.

*

मिरजेचा तंबोरा

बरं झालं नाही सांगितलं.

*

गणपती पेठेतला सराफ

आमच्या धंद्यावर चर्चा चाललीय आणि आम्हालाच निमंत्रण नाही. चार गोष्टी सांगतो.

खोट म्हणाल तर नायट्रोजन बहुतेक सगळ्याच खाणीतल्या हिऱ्यांत असतो, त्यानेच पिवळसर झाक येते आणि भाव पडतो. गिऱ्हाईक लूप (भिंग) लावून बसतं, "डाग आहे का, पाणी कसंय". ह्यांना मात्र नायट्रोजन हवा आणि तोही मोजून. बाहेरून अणूंचा मारा करून जाळीत पोकळ्या पाडतात आणि मग भट्टीत तापवतात, म्हणजे पोकळी सरकत सरकत नायट्रोजनशेजारी येऊन बसते, असं मी वाचलंय. भाचीबाईंनी दुजोरा द्यावा. हिरा मुद्दाम बिघडवायचा आणि महाग विकायचा, ही आयडिया आम्हाला शंभर वर्षांत सुचली नाही.

दुसरं म्हणजे हे लॅबमध्ये वाढवलेले हिरे. सुरतेने बाजार भरून टाकलाय, त्याचं दुःख वेगळं, त्यावर नंतर धागा काढतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयआयटी मद्रासला ह्याच लॅबच्या हिऱ्यांवर संशोधनासाठी पाच वर्षांचे २४२ कोटी ९६ लाख मंजूर झाले होते. तेव्हा मी म्हटलं होतं, दागिन्यांसाठी सरकार एवढे पैसे कशाला देतंय. आता उलगडा झाला.

आणि एक मजेशीर. पहिला अॅन्व्हिल सेल १९५८ मध्ये अमेरिकेच्या वजनमाप खात्याच्या प्रयोगशाळेत झाला. त्यातले हिरे तस्करांकडून जप्त केलेले, म्हणून शास्त्रज्ञांना फुकट मिळाले. आमच्याकडे फुकट मागू नये.

*

पदर खोचून

दुजोरा. भट्टी साधारण ८०० अंशांची किंवा त्याहून जास्त.

*

ओतीव लोखंड

फाउंड्रीवाला आहे, म्हणून थेट विचारतो. मोजता काय त्या भोकात? दाब मोजायला माणिक होतंच की. हिऱ्याने नवीन काय दिलं?

*

पदर खोचून

दादा, तुमचंच उदाहरण देते. लोखंडाचं चुंबकत्व घालवायचं असेल तर काय कराल?

*

ओतीव लोखंड

तापवणार. ७७० अंशांच्या वर चुंबक धरत नाही. लिफ्टिंग मॅग्नेटवाले ह्याच कारणाने गरम माल उचलत नाहीत.

*

पदर खोचून

बरोबर. आता तेच लोखंड गार ठेवून नुसतं दाबा. १३ गिगापास्कलच्या पुढे अणूंची रचनाच बदलायला लागते, आणि गार लोखंडालाही चुंबक धरत नाही. हे आधीपासून माहीत होतं. पण सेलमधला लोखंडाचा कण मिठाच्या कणापेक्षा लहान आणि त्याच्याभोवती धातूचा हे एवढं धूड. बाहेरून चुंबकत्व मोजायला गेलं तर कणाचा आवाज सेलच्या गोंगाटात बुडतो. जत्रेत एका माणसाची कुजबुज ऐकायची म्हणा ना.

डिसेंबर २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात तीन गटांचे निबंध आले, अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचा, फ्रान्समधला आणि हाँगकाँगचा. तिघांचीही मूळ कल्पना एकच, एनव्ही सेन्सर बाहेर नको, सेलच्या आतच हवा. बर्कले आणि फ्रान्सच्या गटांनी तर दाबणाऱ्या हिऱ्याच्या टोकाशीच केंद्रं बसवली. बर्कलेवाल्यांची पृष्ठभागापासून ५० नॅनोमीटर आत. म्हणजे कुजबुजणाऱ्याच्या ओठांशी कान. लोखंड चुंबकत्व सोडतंय हे त्यांनी जागच्या जागी चित्रासारखं पाहिलं.

अडचणी भरपूर आहेत, त्या कोणी सांगत नाही. मायक्रोवेव्ह आत न्यायच्या तर मधली धातूची चकती त्या अडवते. मग टोकावर केसाएवढी प्लॅटिनमची पट्टी बसवायची, आणि ती दाबाखाली तुटते. माझ्या हातून आत्तापर्यंत किती तुटल्या ते मामालाही सांगितलेलं नाही. शिवाय दाब ५०-६० गिगापास्कलच्या पुढे गेला की तिरक्या ताणाने खड्डे विझतात. त्यावर दोन उपाय निघाले. फ्रेंच गटाने टोकावर बारीक खांब कोरून ताण सम केला आणि २०२३ मध्ये १३० गिगापास्कलपर्यंत वाचन घेतलं. बर्कलेवाल्यांनी हिरा वेगळ्या कोनात कापला, म्हणजे चारांतली एक दिशा नेमकी दाबाच्या रेषेत येते आणि ती तार शेवटपर्यंत वाजत राहते.

*

मिरजेचा तंबोरा

खर्ज. तोच शेवटपर्यंत टिकतो.

*

संशयात्मा पुणे

उत्तम चर्चा, पण थोडं वास्तवात येऊ या. उच्च दाबाखालच्या 'खोलीच्या तापमानाला अतिवाहक (सुपरकंडक्टर, विजेला शून्य रोध) सापडला' ह्या बातम्या आठवतात का? २०२० मध्ये 'नेचर'मध्ये मोठा गाजावाजा करून आलेला निबंध २०२२ मध्ये मागे घेतला गेला. त्याच चमूचा पुढचा २०२३ मध्ये आला आणि त्याच वर्षी मागे. ह्या क्षेत्रावर किती विश्वास ठेवायचा?

*

पदर खोचून

म्हणून तर हा सेन्सर हवा! २०२० च्या दाव्यात लोकांनी बोट ठेवलं ते मुख्यतः चुंबकीय मोजमापावरच. मोठ्या पार्श्वभूमीतून छोटा संकेत वजा करून काढलेला, आणि वजाबाकीच वादात. खरा अतिवाहक चुंबकीय क्षेत्र स्वतःच्या आतून बाहेर ढकलतो, हा १९३३ पासून माहीत असलेला माइस्नर परिणाम. रोध शून्य झाला एवढं पुरत नाही, हेही दिसलं पाहिजे.

२०२४ मध्ये बर्कले-हार्वर्डच्या गटाने सिरियम हायड्राइडवर हे दाखवलं. दहा लाख वातावरणांहून जास्त दाब, आणि नमुन्याच्या वर क्षेत्र कुठे कमी झालंय, कडेला कुठे जास्त झालंय, त्याचा मायक्रॉनच्या बारकाव्याने नकाशा. नमुन्याचा काही भागच अतिवाहक होता, हेही त्या नकाशात उघडं पडलं. रोधाच्या आकड्यात ते कधी कळलं नसतं. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच. फसवायला जागा कमी राहते, दुसऱ्याला आणि स्वतःलाही.

*

संशयात्मा पुणे

मुद्दा पटला. नाव मात्र बदलणार नाही.

*

कराडचा काळा दगड

उशिरा आलो. आमच्याकडे पाटणजवळ, कोयनेच्या परिसरात, भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल पथदर्शी विवर खणलंय. त्याचं सगळं काम कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेतून चालतं. १९६७ च्या ११ डिसेंबरचा पहाटेचा भूकंप ज्यांनी भोगला ते अजून घरात लोलक टांगून ठेवतात. तर ह्या विवरात हा हिरा सोडता येईल का? दाबही कळेल, चुंबकत्वही.

*

कुपवाडचा काटा

ह्याचं उत्तर मी देतो, आता मला येतंय. ३ किलोमीटर खाली वरच्या खडकाचा भार अंदाजे ८०० किलो, म्हणजे ०.०८ गिगापास्कल. काटा सरकणार १.२ मेगाहर्ट्झ वर. पण खाली ऊष्णताही वाढते. नुसते १६ अंश वाढले की काटा तेवढाच खाली. म्हणजे १६ अंशांत ३ किलोमीटरची सगळी कमाई साफ. आणि ३ किलोमीटरला १६ अंशांहून कितीतरी जास्त वाढतात. काटा उलट शून्याच्या खाली जाईल आणि तुम्ही म्हणाल की खडक आकाशात गेला. तिथे सायफन कुठे बसवणार?

पोरी, बरोबर ना?

*

पदर खोचून

पैकीच्या पैकी. दगड दादा, दाबासाठी नको, पण तुमच्या दगडाच्या चुंबकत्वासाठी जरूर. एनव्हीचा थर असलेला हिरा दगडाच्या घासलेल्या कापावर ठेवायचा आणि वरून कॅमेरा. कुठल्या कणात किती चुंबकत्व आहे, त्याचं चित्र मिळतं. ह्याला क्वांटम डायमंड मायक्रोस्कोप म्हणतात, आणि भूशास्त्रज्ञ तो वापरतायत. आपल्याकडे राष्ट्रीय क्वांटम मिशन एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं, ६००३ कोटींचं. त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत. तिथेच टीसीएसबरोबर चिपमधले प्रवाह बघणारा असा हिऱ्याचा इमेजर करण्याचं २०२४ मध्ये जाहीर झालंय.

*

कराडचा काळा दगड

हे भारी आहे. कारण आमचा बेसाल्ट म्हणजे गोठलेलं होकायंत्रच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यातल्या मॅग्नेटाइट ह्या चुंबकी खनिजाने त्या वेळच्या उत्तरेची दिशा पकडून ठेवली. महाबळेश्वरच्या घाटात थर चढत गेलं की एका उंचीला ती दिशा चक्क उलटी होते, पृथ्वीचे ध्रुव तेव्हा पालटले म्हणून. ह्याच दख्खनच्या दगडांवरून १९५० च्या दशकात भारत दक्षिणेकडून सरकत आल्याचा पुरावा मिळाला होता. एकेका कणाचं चित्र दिसणार असेल तर मी उद्याच पोतं भरून दगड पाठवतो.

*

आयर्विनखालचा

पोत्याचं भाडं कोण देणार? अवांतर: मामा गाळ्यात बसून पृथ्वीचं चुंबकत्व मोजू शकतील का? साधारण ४० मायक्रोटेस्ला म्हणतात ना?

*

पदर खोचून

हिशोबाने हो. ४० मायक्रोटेस्लाला दोन खड्ड्यांत सव्वादोन मेगाहर्ट्झचं अंतर पडेल, चांगल्या हिऱ्यात ते दिसतं. पण एमआयडीसीत? शेजारी इंडक्शन फर्नेस, वर क्रेन. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली होती. मामाच्या गाळ्यात हिरा पृथ्वी सोडून ओतीव लोखंड दादांची भट्टीच मोजत बसेल.

*

ओतीव लोखंड

आमची भट्टी रात्री साडेदहाला बंद होते. त्यानंतर मोजा.

*

पदर खोचून

जाता जाता एक नवीन गोष्ट. हिऱ्याऐवजी आता बोरॉन नायट्राइडचा पापुद्रा वापरायचे प्रयोग २०२५ मध्ये आलेत. जाडी १०० नॅनोमीटरच्याही आत, म्हणजे कान ओठांना चिकटलाच. तिथेही खोटच वाचायची, बोरॉनची रिकामी जागा. सराफकाकांना सुटका नाही.

*

गणपती पेठेतला सराफ

पापुद्रा आम्ही विकत नाही. खाऊवाल्याकडे जा.

*

कुपवाडचा काटा

सगळ्यांचे आभार. आज गाळ्यात डेड वेट टेस्टरच्या शेजारी कागद चिकटवलाय: '१ अंश = ५० किलो (हिरा)'. हेल्पर विचारतोय हे कुठल्या कारखान्याचं.

भट्टीवाले, खरंच साडेदहाला बंद करता ना? आज रात्री ये म्हणतोय तिला.

*

पदर खोचून

मामा, उद्या सकाळी सहाची एसटी आहे माझी. आणि लेझरचा चष्मा बॅगेत नाहीये. तुझ्याकडे राहिला का?

*

कुपवाडचा काटा

टीव्हीवर आहे. तू चकती आण, मायक्रोवेव्हचं बघ. मी गाडी काढतो.